रशियन ऑर्केस्ट्राला मायची फर्माईश

माझे वडील औरादच्या एका डाळ मिलमध्ये हमाल होते. दिवसभर पाठीवर पोती घेऊन फळीवरून लॉरीत चढायचे. माय त्याच मिलच्या मागच्या शेडमध्ये, तोंडाला फडकं बांधून, बाकीच्या बायांबरोबर डाळ निवडत बसायची. संध्याकाळी घरी आले की दोघांच्याही भुवया पिवळ्या झालेल्या असायच्या. मला वाटायचं, मोठ्या माणसांच्या भुवया पिवळ्याच असतात! तीच पिवळी पूड पुढं वडिलांच्या छातीत बसली. खोकत खोकत गेले. मी तेव्हा दुसरीत होते.

त्या वर्षी आमच्या घरात संध्याकाळची चूल पेटेलच असं नसायचं. मिलच्या मुकादमानं मायला सांगितलं, पोरीलाही आणत जा, तिची बोटं बारीक आहेत, खडे लवकर निघतील. माय तयार झाली होती. तेवढ्यात तिची थोरली बहीण — आमची अक्का — खजुरीहून बसनं आली. खजुरी म्हणजे आळंद तालुक्यातलं, महाराष्ट्राच्या हद्दीला टेकलेलं गाव. अक्का खाली बसली नाही, पाणी प्यायली नाही. माझे दोन फ्रॉक पिशवीत कोंबले आणि म्हणाली, "कले, पोरीला मी न्यायलेय. खडे येचायला जल्मली न्हाई ती. शिकंल."

आणि मी शिकले. खजुरीत शाळा, मग औरादला परत, मग पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी), बी.एस्सी., एम.एस्सी. मायचं माहेर-सासर धरून आमच्या सगळ्या गोतात कॉलेजात गेलेली पहिली मी. हे मी मिरवते, आणि मिरवणार. आज बीदरच्या एका पीयू कॉलेजात फिजिक्स शिकवते. माय माझ्याजवळ असते.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल — बाई भोळी दिसते. भोळेपणा आम्हाला परवडलाच नाही कधी. आमच्या घरात करणी, बाहेरचं, अंगात येणं असलं काही नव्हतं. आम्ही लिंगायत, देव गळ्यातच असतो, भुताला ठेवायचं कुठं? शिवाय माझा विषयच असा की पोरांना मी दरवर्षी फळ्यासमोर उभी राहून सांगते — आवाज म्हणजे कंपन. कुठंतरी काहीतरी हललं पाहिजे, त्याशिवाय आवाज नाही.

या सदरातले अनुभव मी वाचते ते गंमत म्हणून. "वाऱ्यानं दार हललं असेल" असं मनात म्हणून पान उलटते. पण मागच्या हिवाळ्यात बीदरमध्ये जे झालं, त्याला वारा पुरत नाही... म्हणून लिहिते आहे.

दिवाळीच्या सुमाराला अक्का अंगणात पडली. डोक्यात रक्त साकळलं. कलबुर्गीला दवाखान्यात ठेवलं, जीव वाचला, पण घरी आणली ती अक्का नव्हतीच. बोलणं बंद. पोराला ओळखेना, सुनेला ओळखेना. तेही चाललं असतं... पण ती खाईना. घास तोंडाशी नेला की ओठ मिटून मान फिरवायची. अनोळखी माणसाच्या हातचं कसं खायचं, असा काहीतरी तिचा हिशेब असावा. चमच्या-चमच्यानं दूध जायचं, त्यातलं निम्मं बाहेर यायचं. डॉक्टर म्हणाले, "आता औषधाचं काम राहिलं नाही. तुमच्यातल्या कुणाला तरी त्यांनी ओळखलं पाहिजे. जुनं काही बोला, गाणी म्हणा."

गाणी म्हटल्यावर मायला एकच गाणं आठवलं. जोगुळ.

आमच्याकडं अंगाईला कन्नडमधला हा शब्द वापरतात. अक्काचा जोगुळ निम्मा कन्नड, निम्मा मराठी, आमच्या घरासारखाच. मायची आई लवकर गेली, तेव्हा अक्कानं तो मायला म्हटला. मग स्वतःच्या पोराला, म्हणजे बसूदादाला. मग मला. थोपटत थोपटत म्हणायची...

कण्णु मुच्च गं बाळे, वारं थांबलं दारी,
जोंधळ्याच्या कणसात निजली चांदणी बिचारी...

कण्णु मुच्च म्हणजे डोळे मीट. पुढं बऱ्याच ओळी आहेत, बसूदादाच्या पाळण्याशी बसून मायला सगळ्या पाठ झालेल्या. पण ती खजुरीला जाऊन अक्काच्या उशाशी बसली, तोंड उघडलं आणि... चालच आठवेना. मिलच्या शेडमध्ये फडकं बांधल्यापासून तिनं गाणं असं म्हटलंच नव्हतं. शेवटी ओळखीच्या एका भजनाच्या चालीत शब्द बसवून म्हटले. अक्कानं तिच्याकडं पाहिलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

बसूदादाला विचारलं. तो म्हणाला, "मावशे, मला इतकंच आठवतंय की मी झोपायचो."

मला विचारलं. माझंही तेच! गाण्याच्या मध्यावर एक वळण होतं, चाल तिथं खाली उतरायची, एवढं आठवत होतं. त्या वळणाच्या पुढं मी कधी जागी राहिलेच नाही. अक्काचा जोगुळ ज्यानं ऐकला तो झोपला. जिला चाल येत होती ती एकच बाई, आणि ती भिंतीकडं बघत पडलेली.

बीदरला परत आल्यावर माय स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना पुटपुटत राहायची. मध्येच थांबून मान हलवायची. "शब्द हाईत गं," म्हणायची, "चाल गेली. परक्या चालीत म्हणलं म्या. अक्काला वाटलं आसंल, ही कोण परकी आलीया."

बसूदादाचा फोन आला की आधी ती एकच विचारायची, "काय खाल्ली का?" तिकडून उत्तर यायच्या आधीच तिचा चेहरा पडलेला असायचा.

येळवशीच्या आधीचा तो आठवडा. (वेळ अमावस्येला आम्ही येळवस म्हणतो; शेतात जेवायचा सण.) बीदरच्या एका शिक्षणसंस्थेनं नवं सभागृह बांधलं होतं आणि उद्घाटनाला बाहेरून सिम्फनी ऑर्केस्ट्रा बोलावला होता. रशियन संगीत. आधी टोन पोएम, मग पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पुढं एक पियानो आणि मागं सगळा ऑर्केस्ट्रा. बीदरच्या मानानं नवलच! आमच्या कॉलेजला पास आले. तारेची कंपनं पोरांना शिकवून शिकवून मी कंटाळले होते. एवढ्या तारा एकत्र वाजताना ऐकायच्या म्हणून दोन पास घेतले. एक मैत्रिणीसाठी होता. पण टेबलावरचा पास मायनं बघितला. ती चौथी शिकलेली, मराठी चांगलं वाचते, आणि पासावर कन्नड-इंग्रजीखाली मराठीतही छापलं होतं.

"ऑर्केस्ट्रा हाय म्हनं?"

"हाय. पण तुझ्या कामाचा न्हाई."

"कामून? मला कान न्हाईत का?"

इथं एक सांगायला हवं. आमच्या भागात ऑर्केस्ट्रा म्हणजे जत्रेतला, उरुसातला. एक कॅसिओवाला, एक ऑक्टोपॅडवाला, एक गाणारा, एक चमकीच्या साडीतली गाणारी. लोक चिठ्ठ्या पाठवतात आणि निवेदक वाचतो — अमक्यांच्यातर्फे तमक्यांसाठी, खास फर्माईश! आणि ते वाजवतातच. नव्या सिनेमाचं म्हणा, देवीचं म्हणा, कन्नड म्हणा, तेलुगू म्हणा. आमच्या मायचा पक्का समज — ऑर्केस्ट्रावाल्याला येत नाही असं गाणं नसतं.

मी समजावलं की हे वेगळं आहे, इथं फर्माईश नसते. ती "बरं" म्हणाली. ती "बरं" म्हणते तेव्हा तिनं ऐकलेलं नसतं.

इरकल नेसून, शाल घेऊन आली. आम्हाला मधल्या रांगेत जागा मिळाली. शेजारी एक म्हातारे गृहस्थ, काळी शेरवानी, कानटोपी. स्टेजवर काळे कपडे घातलेली माणसंच माणसं. मायनं सगळीकडं नजर फिरवली.

"इतके जण वाजवायला, अन् गायला एक न्हाई?"

"गाणं नसतं यात, माय."

"अन् तो पाठमोरा उभा ऱ्हायलाय तो कोण?"

"कंडक्टर."

"मग डायवर कोण?"

मी पियानोकडं बोट दाखवलं. शेजारचे म्हातारे खो-खो हसले, मग टोपी सावरून गंभीर झाले.

एक निवेदिका आली. ती म्हणाली, टोन पोएम म्हणजे शब्दांशिवायची कविता. आता जी ऐकाल ती एका गोठलेल्या नदीची आहे. बर्फ फुटतं, पाणी हलायला लागतं. मी मायच्या कानात मराठीत सांगितलं.

"शब्द न्हाईत?"

"न्हाईत."

"नुसती चाल?"

"नुसती चाल."

संगीत सुरू झालं. आधी इतकं हळू की सुरू झालं हेच कळेना. खालून, कुठूनतरी खोल, मोठ्या व्हायोलिनांची घरघर... मग वर बासरीचा एक थेंब, मग दुसरा. मला आपलं नदी-बिदी काही दिसलं नाही. मला खजुरीचं माळवद दिसलं, हिवाळ्यात पहाटे मातीच्या छतावर दव पडलेलं असायचं ते. बाजूला बघितलं तर मायचे डोळे टक्क उघडे. टाळ्या वाजल्या तरी ती तशीच.

मग हळूच म्हणाली, "सुनंदे, माझ्याजवळ शब्द हाईत. यांच्याजवळ चाल हाय."

आणि कमरेचा बटवा उघडून तिनं घडी केलेली चिठ्ठी काढली. घरूनच लिहून आणली होती! मोठ्या, वळणदार, चौथीतल्या अक्षरात —

औरादच्या कलावतीच्यातर्फे, खजुरीच्या शिवाक्कासाठी. जोगुळ. — आणि खाली अख्खा जोगुळ.

"माय, ठेव ते आत. हे रशियाचं संगीत हाय. त्याला मराठी वाचता येत न्हाई."

"चाल वाचता येतीया न?"

कडेला व्हॉलंटियर म्हणून आमच्याच कॉलेजची भाग्यश्री उभी होती. मी हात धरेपर्यंत मायनं तिला खुणेनं बोलावलंसुद्धा. "बाळा, येवढी चिठ्ठी त्या काळ्या पेटीवाल्याला दे." भाग्यश्रीनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं. पोरगी संस्कारी, "देते आजी," म्हणाली आणि चिठ्ठी घेऊन गेली.

कॉन्चेर्टो सुरू झाला. त्याचा पहिला भाग म्हणजे वादळच. पियानोवाला उंच, टकला, दोन्ही हातांनी वरून खाली येत होता आणि मागे सगळा ऑर्केस्ट्रा त्याला अडवत होता, सोडत होता. मी पर्समध्ये मोबाईल रेकॉर्डिंगवर ठेवला होता, पोरांना ऐकवायला. पहिला भाग संपला. लोकांनी टाळ्या वाजवल्या; मध्ये वाजवायच्या नसतात हे इथं कुणाला माहीत? कंडक्टरनं मान लववली, हात वर केला...

आणि करंट गेला.

खिडक्या नसलेलं नवंकोरं सभागृह. असा अंधार की स्वतःचा हात दिसेना. कुणीतरी ओरडलं, "जनरेटर!" कुणीतरी स्टेजवरून माईकशिवाय सांगितलं, बसून राहा, लगेच येईल. जरा गलबला झाला, स्टेजवर टॉर्चचा एक ठिपका हलला आणि विझला, मग गलबलाही निवला.

आणि त्या अंधारात पियानो सुरू झाला.

मला पहिल्यांदा आनंदच झाला. म्हटलं, वा! अंधारातही थांबले नाहीत. याला म्हणतात कलाकार. दुसरा भाग संथ असतो असं निवेदिका म्हणाली होती, तो हाच असणार. पियानो एकटाच, अगदी हळू, एकेक सूर खाली ठेवल्यासारखा. एक ओळ वाजली आणि थांबली. कुणाची तरी वाट बघितल्यासारखी थांबली.

माझ्या मनगटावर मायचा हात आला. आणि ती ओळ संपली होती तिथंच तिनं शब्द ठेवले. हळू, घशातल्या घशात. "कण्णु मुच्च गं बाळे, वारं थांबलं दारी..."

बसले. शब्द चालीवर बसले, कुठं ओढावं लागलं नाही.

पियानोनं दुसरी ओळ दिली. थांबला. मायनं शब्द ठेवले. तिसरी दिली... आता त्याच्याखाली व्हायोलिनं आली होती, खूप लांबून, शिवाराच्या पलीकडून यावीत तशी. मला आठवतं, माझी पाठ खुर्चीला टेकलेली नव्हती. माझ्याखाली माळवद होतं, गोधडी होती, वर आभाळ इतकं खाली की हात लावावा. कडब्याचा वास. आणि खांद्यावर थोपटणं. अक्काच्या हातात चांदीचं कडं असायचं, थोपटताना ते एक ठोका सोडून वाजायचं. तेही ऐकू येत होतं. मी घाबरले का? नाही. घाबरायचं सुचलंच नाही. स्वप्नात जसं कशाचंच नवल वाटत नाही, तसं काहीतरी.

मग ते वळण आलं. चाल खाली उतरली. माझे डोळे मिटायला लागले. खरं सांगते, शाळेतल्या पोरीसारखे मिटायला लागले. पण मी नेटानं जागी राहिले आणि त्या वळणाच्या पुढं गेले. आयुष्यात पहिल्यांदा. पुढं चाल वर चढत नाही. मला इतकी वर्षं वाटायचं, पुढं ती वर चढत असेल. ती तिथंच खाली, अंगणात फिरल्यासारखी फिरते, आणि जिथून निघाली त्या सुरावर न येता त्याच्या शेजारी बसते. शेवटची ओळ मायनं म्हटली. व्हायोलिनं एकेक करून गेली. पियानोचा शेवटचा सूर बराच वेळ हवेत राहिला...

मी टाळ्या वाजवायला लागले. जोरजोरात. आणि करंट आला.

मी एकटीच टाळ्या वाजवत होते. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघत होती. स्टेजवर नुसत्या खुर्च्या. एकही वाजवणारा नव्हता. पियानोचं झाकण बंद होतं. थोड्या वेळानं आतून एकेक जण हातात आपापलं वाद्य घेऊन येऊ लागला, कुणी पाणी पीत होतं. टकल्यानं येऊन झाकण उघडलं, हातरुमालानं पट्ट्या पुसल्या आणि बसला.

मी शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारलं, "अंधारात ते काय वाजवलं हो?"

ते म्हणाले, "अंधारे में? कुच बी नहीं बजाए बेटा. टॉर्च लेको सब के सब अंदर चले गए ना." मग मायकडं बघून हळूच म्हणाले, "अम्मा कुच गा रहे थे. अच्छा गाते."

त्यानंतर कॉन्चेर्टोचा दुसरा भाग झाला. खरा दुसरा भाग. त्याची चाल वेगळीच होती, सुंदर असेल, माझ्या कानात शिरली नाही. माय मात्र आरामात मान डोलवत ऐकत होती. तिचं काम झालं होतं.

बाहेर पडताना भाग्यश्री धावत आली. माझ्या हातात चिठ्ठी कोंबली, कानाशी म्हणाली, "मॅडम, सॉरी... मला लाज वाटली. दिलीच नाही मी. आजींना सांगू नका."

माय पुढं पायऱ्या उतरत होती. मागं वळून भाग्यश्रीला म्हणाली, "गुणाची हायस बाळा. लै चांगलं वाजविला बघ तेनं."

घरी येऊन मी आधी मोबाईल लावला. वादळी पहिला भाग आहे. टाळ्या आहेत. "जनरेटर" आहे. मग गलबला, खोकला, कुणाच्यातरी चपला. आणि मग माय. एक ओळ म्हणते, आणि गप्प. पुन्हा एक ओळ, आणि गप्प. जिथं ती गप्प आहे तिथं मी पियानो ऐकला होता. रेकॉर्डिंगमध्ये तिथं काहीच नाही. पण त्या रिकाम्या जागा चुकत नाहीत — प्रत्येक जागा एका ओळीएवढी. शेवटी माझ्या एकटीच्या टाळ्या.

मायला विचारलं, "तुला चाल आठवली का अंधारात?"

"मला कुठली आठवायलीया? त्यो वाजवत गेला, मी म्हणत गेले."

"माय, स्टेजवर कुणी नव्हतं."

तिनं माझ्याकडं बघितलं, जशी मी पोरांकडं बघते, सोपं गणित चुकल्यावर. "मग वाजवलं कुणी?" म्हणाली, आणि पिशवी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. बसवकल्याण, उमरगा करत खजुरी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आलेली. बसमध्ये माय पूर्ण वेळ खिडकीकडं तोंड करून गुणगुणत होती. चाल सांडू नये म्हणून माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिकीटसुद्धा मीच मागितलं.

बसूदादानं दारातच अडवलं. "मावशे, आत्ताच तर येऊन गेलीस की. परत कामून हेलपाटा?"

मायनं त्याला हातानं बाजूला केलं.

अक्काची बाज अंगणात भिंतीकडेला उन्हात टाकली होती. तिला मावून बाज उरली होती, एवढीशी झाली होती ती. ओठांना पापुद्रे आलेले. दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "परवापासून दूध बी घेईना. डाक्टर म्हनला, घरीच ठेवा आता. तू शिकल्याली हायस, तूच सांग मावशीला."

माय उशाशी टेकली. पदर सारखा केला. आणि सुरू केलं.

पहिली ओळ. अक्का भिंतीकडंच बघत होती. दुसरी ओळ. दादा माझ्याकडं बघून मान हलवायला लागला, आणि मध्येच थांबला. त्याच्या तोंडावर काहीतरी आलं, अर्धवट झोपेतल्या पोराच्या तोंडावर येतं तसं. त्यानं चाल ओळखली होती. चाळिशी पार केलेला बाप्या, खांबाला टेकला आणि खाली बसला.

वळण आलं. अक्काचा उजवा हात गोधडीवर होता. त्याची बोटं हलली. मग तळवा हलला. ती थोपटत होती... गोधडी थोपटत होती, तालात, एक ठोका सोडून. मायचा आवाज फुटला, ओळ मोठ्यानं गेली.

अक्कानं मान वळवली. मायकडं बघितलं. कपाळाला आठी घालून, घोगऱ्या, कोरड्या आवाजात म्हणाली —

"कले, हळू गं. पोरगी निजलीया."

ती पोरगी मी. चष्म्यातली, पांढरे केस आलेली, पायथ्याशी उभी. मी हलले नाही. नाक पुसलं नाही, श्वास मोठ्यानं घेतला नाही. मायनं आवाज खाली आणला आणि उरलेला जोगुळ हळू, अगदी हळू शेवटपर्यंत नेला. मग वाटीतलं अंबील चमच्यानं पुढं केलं. अक्कानं तोंड उघडलं.

मी नंतर पुष्कळ डोकं लावलं. मायला अंधारात चाल आपोआप आठवली असेल आणि पियानो माझ्या मनानं घातला असेल? पण मी प्रत्येक ओळ तिच्या आधी ऐकली, आणि वळणाच्या पुढचं तर मी जन्मात ऐकलं नव्हतं. आम्हा दोघींना एकच भास झाला असेल? मग दोघींनाही न आठवणारी चाल त्या भासात आली कुठून? नंतर एकदा त्या रिकाम्या सभागृहात जाऊन बसले, लाईट बंद करायला लावली. पंख्यांची घरघर थांबली, बाकी काही नाही. पियानो शिकवणाऱ्या हैदराबादच्या एका बाईंना ती चाल म्हणून दाखवली, रशियन आहे का म्हणून. त्या म्हणाल्या, ही मी कुठंच ऐकलेली नाही, पण पुन्हा एकदा म्हणा.

फिजिक्स सोडलेलं नाही. कुणाला कारण माहीत असेल तर जरूर लिहा, मी वाचीन. माझ्याजवळ नाही.

अक्का आता दोन वेळा जेवते. आधी फक्त मायच्या हातून, आता बसूदादाच्या हातूनही. भिंत धरून अंगणापर्यंत येते. मला अजून ओळखत नाही. मायला मात्र नावानं हाक मारते.